टी-पॉइंटवरचा भूखंड: खारघरच्या एका रस्त्याचं प्रकरण

सेक्टरचा आकडा मुद्दाम देत नाही. त्या रस्त्यावर राहणाऱ्यांना दोन ओळींत कळेलच, बाकीच्यांना आकड्याने काही फरक पडत नाही. रस्ता नवी मुंबईतल्या खारघरमधला, सरळ, पूर्व-पश्चिम, ६२० मीटर लांब. पूर्वेच्या टोकाला मेट्रोचा पूल डोक्यावरून आडवा जातो. पश्चिमेला हा रस्ता दुसऱ्या एका रस्त्याला जाऊन भिडतो आणि तिथेच संपतो. त्या टी-पॉइंटवर अगदी समोर ३० बाय ३० मीटरचा एक भूखंड आणि त्याच्या बराच मागे खारघरचा डोंगर.

२०२२ च्या दिवाळीनंतर तिथल्या सोसायट्यांच्या फेडरेशनने मला बोलावलं. मी आर्किटेक्ट, ऑफिस चार माणसांचं. कामाचं नाव 'चौक सुशोभीकरण'. हा शब्द आजवर इतक्या कागदांवर वाचलाय की तो दिसला की माझ्या डोळ्यांसमोर कारंजं येतं. बंद पडलेलं, तळाशी शेवाळ आणि वेफर्सची पाकिटं.

भूखंड सामाजिक सुविधेसाठी राखलेला होता, पण सुविधा कसलीच आलेली नव्हती. उजव्या कोपऱ्यात विजेचा डीपी. शेजारी कचऱ्याच्या दोन कुंड्या, त्यातली एक कायम आडवी. मागच्या भिंतीवर 'येथे लघवी करू नये' लिहिलेलं आणि त्याचा उपयोग होत नाही म्हणून खाली ओळीने देवांच्या टाइल्स. एक जुना उंबर, त्याच्या खोडाशी शेंदूर लावलेला दगड. आणि संध्याकाळी सातनंतर अंडाभुर्जीची गाडी.

पहिली बैठक सोसायटीच्या ऑफिसात झाली. फेडरेशनच्या सचिवांनी मोबाइलवर एक फोटो काढून माझ्यासमोर धरला. "सर, असा घड्याळाचा मनोरा करू. साठ फुटी. मेट्रो सुरू झाली की लोक उतरल्या उतरल्या समोर दिसला पाहिजे. पत्ता सांगताना मनोऱ्याचा रस्ता म्हटलं की पुरे." मेट्रो तेव्हा सुरू व्हायची होती, ती १७ नोव्हेंबर २०२३ ला झाली. पण पूल उभा होता, आणि रस्त्याचं तोंड आता तिकडे असणार हे सगळ्यांना कळलं होतं.

बैठकीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणत. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या मनोऱ्याच्या मागे काय येणार आहे?"

"मागे डोंगर आहे, बाई," मी म्हणालो. लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्याचा हिशेब शेवटी द्यायचा आहे.

नजर टेकते ती जागा

सचिवांनी जे मागितलं त्याला नगररचनेत टर्मिनेटिंग व्हिस्टा म्हणतात. सरळ रस्त्यावर नजर पुढे पळत राहते. ती जिथे टेकते तिथे टेकण्याजोगं काहीतरी असावं, एवढीच मूळ कल्पना. वारकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. कळस लांबून दिसला की हात आपोआप जोडले जातात आणि उरलेली वाट आखूड होते. पोहोचणं राहिलं बाजूला, लांबून दिसणं हेच अर्धं दर्शन.

रोममध्ये पाचव्या सिक्स्टस पोपने १५८५ ते १५९० या पाच वर्षांत नेमकं हेच केलं. यात्रेकरूंना एका मोठ्या चर्चकडून दुसऱ्याकडे जाताना पुढचा टप्पा लांबून दिसावा म्हणून डोमेनिको फोंताना या वास्तुविशारदाला हाताशी धरून त्याने जुने इजिप्शियन ओबेलिस्क, म्हणजे दगडाचे उंच निमुळते खांब, रस्त्यांच्या टोकांशी आणि चौकांत उभे करवले. सेंट पीटर्ससमोरचा १५८६ चा. अजून इमारती उठायच्या होत्या, रस्ते धड झाले नव्हते. आधी खुंट ठोकले, शहर मागून आलं. पॅरिसमध्ये ऑपेराकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर आजही झाडं नाहीत, कारण झाडांनी समोरची इमारत झाकली जाईल हे ती बांधणाऱ्या गार्निएला नको होतं. पॅरिसच्या बाकीच्या रुंद रस्त्यांवर दुतर्फा झाडं असताना हा एक बोडका. आपल्याकडे उन्हात असा रस्ता कोणी काढला तर लोक आर्किटेक्टला शोधत येतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

माझ्या कामाला सगळ्यात जवळचं उदाहरण दिल्लीचं, आणि ते फसलेलं आहे. इंडिया गेटकडून आता ज्याला कर्तव्य पथ म्हणतात त्या रस्त्याने रायसीना टेकडीकडे निघालं की समोर राष्ट्रपती भवन दिसतं. विजय चौकापर्यंत पोचेपोचेतो ते चढामागे बुडतं आणि फक्त घुमट वर राहतो. म्हणजे जवळ जावं तसं दिसेनासं होणारं ठिकाण. नकाशावर अक्षात तसूभर चूक नाही. घोटाळा चढात आहे. दोन सचिवालयांमधून वर जाणाऱ्या त्या चढाला राष्ट्रपती भवनाचा वास्तुविशारद एडविन ल्यूटियन्सने स्वतःच आधी मान्यता दिली होती, मग परिणाम ध्यानात आल्यावर सचिवालयांचा वास्तुविशारद हर्बर्ट बेकरशी त्याचं जे बिनसलं ते बिनसलंच. चढ मात्र आहे तिथेच राहिला. नकाशा वरून बघतो, माणूस साडेपाच फुटांवरून बघतो. मला हे तोंडपाठ होतं, विद्यार्थ्यांना शिकवलंही होतं, आणि तरी खारघरमध्ये पहिली रेघ मी नकाशावरच मारली.

टोक सजवायला रस्ता सरळच हवा असंही नाही. खारघरमधल्या मुर्बीसारख्या जुन्या गावठाणात वीस-पंचवीस पावलांवर गल्ली वळते आणि नजर कुणाच्या तरी ओटीवर, तुळशीवर, विहिरीच्या कठड्यावर टेकते. ऑस्ट्रियाचा कामिलो सिट्टे १८८९ मध्ये युरोपातल्या लांबलचक सरळ रस्त्यांविरुद्ध हेच सांगत होता. पण आपण ज्या शहरात राहतो ते कागदावर आखलेलं आहे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईच्या खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये ते वसवायला सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या ३४४ चौरस किलोमीटरवर नोड, म्हणजे उपनगरं, आणि त्यांचे सेक्टर पडले. अशा शहरात सरळ रस्ते येणार, टी-पॉइंट येणार. प्रश्न असतो तो टी-पॉइंटवरचा भूखंड कोणाच्या वाट्याला जातो याचा.

वेध

याचं उत्तर फेडरेशनमधल्या एका बिल्डर सभासदाने दिलं. "त्या प्लॉटला वेध आहे हो. रस्ता छातीवर येतो. राहायला कोण घेणार?"

वास्तुशास्त्रवाले याला वीथीशूळ म्हणतात. समोरून येणारा रस्ता घरात शूळासारखा घुसतो. फ्लॅट बघायला आलेलं कुटुंब खिडकीतून सरळ रस्ता दिसला की एकमेकांकडे बघतं. घेतलाच तर दारावर गणपतीची टाइल लागते. माझा यावर विश्वास नाही. पण परिणाम खरा आहे आणि तो शहराच्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो. बाकीच्या जगात राजवाडा, चर्च, नाट्यगृह ज्या जागेसाठी भांडतं, ती आपल्याकडे कोणालाच नको असते. मग तिथे जातं ते नको असलेलं: डीपी, कुंड्या, पंपहाउस, सार्वजनिक शौचालयाची पाठ. किंवा देऊळ, कारण देवाला वेध लागत नाही. सबंध रस्त्याला दिवसभर जे दिसणार, ते ठरवलं जातं कोणाला काय नको होतं यावरून.

वेधाची थट्टा मी त्या दिवशी केली. दोन महिन्यांनी रात्री साडेनऊला भूखंडावर उभा राहिलो तेव्हा ती परत घ्यावी लागली. समोरून येणारी प्रत्येक गाडी वळण्याआधी हेडलाइटचा झोत बरोबर छातीवर टाकत होती, मग तो झोत भिंतीवरून घसरत डावीकडे नाहीतर उजवीकडे जायचा. मिनिटाला आठ-दहा गाड्या. त्या जागी बेडरूम असेल तर झोप लागणार नाही, मूल दचकेल, आणि घरचे म्हणतील या जागेतच काहीतरी आहे. आहेच. त्यातून एखादा ब्रेक न लागलेला टेम्पो वर्षा-दोन वर्षांतून कुंपणात घुसणार, तेही आहे. शास्त्र कसंही असो, निरीक्षण पक्कं होतं.

बांबू

साठ फूट म्हणजे १८ मीटर. माझ्या ऑफिसातल्या मुलाने संगणकावर मनोरा उभा केला, रस्त्याच्या मधोमध कॅमेरा ठेवला आणि चित्र काढलं. देखणं आलं. दोन्ही बाजूंना झाडं, मध्ये मनोरा, मागे निळसर डोंगर. सचिवांनी ते व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकलं आणि दीडशे अंगठे आले.

मला मात्र दिल्ली आठवत होती. गणपतीचा मंडप घालणाऱ्याला गाठलं. जानेवारीतल्या एका रविवारी त्याने भूखंडाच्या मध्यावर, रस्त्याच्या मध्यरेषेवर, १८ मीटर उंच बांबूचा सांगाडा उभा केला आणि वरच्या अर्ध्याला पांढरं कापड गुंडाळलं. खर्च मनोऱ्याच्या नुसत्या पायापेक्षाही कमी. अशी परीक्षा प्रत्येक चौकाला सक्तीची केली पाहिजे असं माझं मत झालंय. मंडपवाले बाकी दहा महिने मोकळेच असतात.

सकाळी आठला चौदा जणांना मेट्रोच्या पुलाखाली जमवलं. मनोरा दिसेना.

कोणालाच दिसेना. रस्त्याच्या मध्ये दुभाजक, दुभाजकात सोनमोहर, त्यांचा घेर आता चांगला पसरलेला. ज्या मध्यरेषेवर मी मनोरा ठेवला होता, तिच्यावर ६२० मीटर नुसती झाडं होती. मध्यरेषेवर शहरात कोणी चालत नाही. तिथे कॅमेरा ठेवता येतो, माणूस नाही. आपण डावीकडून चालवतो, म्हणजे टोकाकडे येणाऱ्या गाडीवाल्याचा डोळा मध्यापासून पाच-सहा मीटर डावीकडे, आणि डाव्या फुटपाथवर चालणाऱ्याचा त्याहून डावीकडे. त्यांच्या समोर रस्त्याचं टोक म्हणजे भूखंडाचा मध्य नव्हेच. भूखंडाची डावी बाजू. संगणकाच्या चित्रातली झाडं आमच्या मुलाने दोन्ही कडांना लावली होती, दुभाजक रिकामा ठेवून. चित्र तपासताना ते माझ्याही नजरेतून सुटलं.

आम्ही चालत निघालो. अर्ध्या रस्त्यात फांद्यांमधून पांढरं कापड तुकड्यातुकड्याने दिसू लागलं. शेवटच्या दीडशे मीटरवर झाडं संपली आणि ते एकदम वर आलं, डोंगराच्या कडेच्याही वर. सगळे थांबले. सचिव खूश झाले. बाईंच्या नातवाने मात्र जे म्हटलं त्याने माझा दिवस फुकट गेला: "आजी, डोंगर बुटका झाला."

पोरगं बरोबर बोललं होतं आणि त्याचं गणित सोपं आहे. हात लांब करून मूठ डोळ्यांसमोर धरली की ती साधारण १० अंश झाकते, अंगठा २ अंश. रस्त्याच्या शेवटच्या भागात डोंगराची कड माझ्या मापाने ६ अंशांवर होती, म्हणजे मुठीच्या अर्ध्याहून थोडी वर. डोळ्याची उंची वजा करून १८ मीटरचा मनोरा १५७ मीटरवर ६ अंशांना पोचतो. म्हणजे त्याच्या अलीकडे, दोन मिनिटांच्या शेवटच्या चालीत, मनोरा डोंगरापेक्षा उंच. आणि त्याच्या पलीकडे, जवळजवळ पाऊण रस्ता, तो असून नसल्यासारखा. जर्मनीच्या हर्मान मेर्टेन्सने १९ व्या शतकात मांडलेला ठोकताळा असा: इमारतीच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ती पूर्ण दिसते, तिप्पट अंतरावर परिसरासकट दिसते, चौपटीच्या पुढे ती क्षितिजात मिसळू लागते. १८ मीटरची चौपट ७२ मीटर. ६२० मीटर लांब रस्त्याला एकट्या उंचीने टोक द्यायचं तर मनोरा केवढा लागेल हे सचिवांना सांगितलं तेव्हा त्यांनी चहा मागवला.

पण खरा मुद्दा उंचीचा नव्हताच. त्या रस्त्याला टोक आधीपासून होतं. पावसाळ्यात ढग कडेवर उतरतात, धबधब्यांच्या रेघा उमटतात. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास सूर्य जवळजवळ नेमका रस्त्याच्या समोर कडेमागे जातो. गावठाणातले एक आजोबा मंडपवाल्याचे बांबू बघायला आले होते. ते म्हणाले, "ढग त्या खिंडीत बसला का आमी समजायचो, आता दुपारपरत उघडायचा नाय." ती खिंड मी तोवर पाहिलीच नव्हती. कडेला डाव्या अंगाला एक खाच आहे. डाव्या फुटपाथवरून ती बरोबर रस्त्याच्या टोकावर येते.

भुर्जीवाल्याची रेघ

त्या संध्याकाळी बांबू उतरेपर्यंत भुर्जी खाल्ली. गाडीवाला भाऊ आठ वर्षं तिथे उभा राहतो. गाडी मध्यात का नाही, डावीकडे का, असं मी सहज विचारलं.

"मधी उभं ऱ्हायलं तर दिवा झाडात जातोय सायेब. हिकडं सरकलं की पार पुलापासनं दिसतोय. दिवा दिसला की गिऱ्हाइकाचं पोट बोलतंय."

टेप काढून मोजलं. मध्यरेषेपासून ६ मीटर २० सेंटीमीटर डावीकडे. मी सकाळी चौदा माणसं आणि एक मंडपवाला लावून जे शोधलं, ते त्याने गल्ल्यावर शोधलं होतं. पुढच्या सगळ्या ड्रॉइंगवर मी त्या रेघेला 'भुर्जी लाइन' नाव दिलं. ऑफिसात आजही तेच चालतं. स्ट्रक्चरल सल्लागाराने एकदा गंभीरपणे विचारलं की भुर्जी म्हणजे कुठल्या शब्दांचं लघुरूप.

होर्डिंग

मनोऱ्याचा बेत बारगळला तरी पैशाचा प्रश्न होता. २०२४ च्या सुरुवातीला जाहिरातीच्या धंद्यातली एक कंपनी फेडरेशनकडे आली. सगळं सुशोभीकरण फुकट, बदल्यात ४० बाय २० फुटांचं होर्डिंग. त्यांचा माणूस हुशार होता. "हेड-ऑन साइट आहे सर, रस्त्याच्या कडेच्या साइटला मान वळवावी लागते, इथे नाही." टी-पॉइंटची किंमत इतक्या स्वच्छ शब्दांत कुठल्या प्राध्यापकाने सांगितल्याचं मला आठवत नाही. राहायला नकोशी असलेली जागा विकायला मात्र सगळ्यात महाग.

समितीत मतं अर्धीअर्धी होती. मग १३ मे २०२४ ला वादळात घाटकोपरच्या पेट्रोलपंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, आणि तो विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

जे बांधलं ते

बाईंनी अभ्यासिका सुचवली. सेक्टरमध्ये एमपीएससीची तयारी करणारी मुलं घरात जागा नाही म्हणून स्टेशनच्या बाकांवर वाचत बसायची. तळमजला अधिक एक, उंची ८ मीटर, दर्शनी रुंदी १४ मीटर. ८ मीटर का, तर त्याच सहा अंशांच्या हिशेबाने ती डोंगराच्या कडेला शेवटच्या ६२ मीटरवरच गाठते. तोवर डोंगर वर, इमारत खाली, आणि दोघांमध्ये भांडण नाही. इमारतीचा मध्य भुर्जी लाइनवर, म्हणजे भूखंडाच्या मध्यापासून डावीकडे. उजवीकडे उंबर राहिला. शेंदूर लावलेला दगड कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नव्हता आणि हलवायचं नाव कोणी काढलं नाही, मीही नाही. डीपी आहे तिथेच. त्याच्याभोवती दुरुस्तीला मोकळी जागा सोडावी लागते, दारं उघडावी लागतात, तो झाकायच्या भानगडीत पडू नये.

हेडलाइटसाठी वाचनाची दालनं मागे, उत्तरेच्या उजेडाकडे नेली. रस्त्याच्या तोंडावर आला जिना. जिन्याला भाजक्या मातीची जाळी, आतून साधा पिवळा दिवा. झोत जाळीवर आपटतो आणि तिथेच मोडतो. जिन्यात कोणी झोपत नाही. अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी, म्हणून जिना अकरापर्यंत पेटलेला. सुशोभीकरणात दर्शनी दिव्यांचं वेगळं मीटर असतं आणि बिल थकलं की सहा महिन्यांत अंधार होतो. इथे मुलं वाचतात तोवर रस्त्याला टोक आहे. पुलाखालून बघितलं तर तो उजेड जेमतेम करंगळीच्या नखाएवढा दिसतो, पण दिसतो. भुर्जीची गाडी आता जाळीच्या खाली असते आणि परीक्षा जवळ आल्या की तिचा धंदा वाढतो.

जून २०२५ मध्ये उद्घाटन झालं. मी लांबून बघायला पुलाखाली गेलो. रस्त्याच्या टोकावर, भुर्जी लाइनवर, खिंडीच्या बरोबर मध्ये, गच्चीवर २,००० लिटरची काळी प्लास्टिकची टाकी.

प्लंबरची चूक म्हणावी तर माझ्या ड्रॉइंगमध्ये टाकीची जागाच दाखवलेली नव्हती. त्याने जिन्याच्या डोक्यावरची सगळ्यात उंच आणि मजबूत जागा निवडली, पाण्याच्या दाबासाठी कोणीही तेच करेल. सहा अंशांचा सगळा हिशेब करून मी टाकी विसरलो. ती मागच्या गच्चीवर न्यायला, नवीन पेडेस्टल आणि पाइप धरून, जो खर्च आला तो माझ्या फीमधून गेला. तरी मधले दोन महिने त्या रस्त्याचा टर्मिनेटिंग व्हिस्टा म्हणजे ती टाकी होती, आणि सचिवांनी एकदाही टोमणा मारला नाही, हे जास्त लागलं.

वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक दुभाजकातल्या खांबांवर लागतात, उतरतात, परत लागतात. त्याला माझ्याकडे उपाय नाही.

मागे काय

आता बाईंचा प्रश्न.

भूखंडाच्या मागे, आडव्या रस्त्यापासून शंभरेक मीटरवर, एक रिकामा भूखंड होता. त्यावर गवत होतं, म्हणून मी त्याला डोंगराचा भाग समजलो. २०२५ च्या दिवाळीत तिथे निळे पत्रे लागले. पत्र्यांवर चित्र होतं: २४ मजले, नावात 'हिल' आणि 'व्ह्यू' दोन्ही.

२४ मजले म्हणजे ७० मीटरच्या वर. पुलाखालून ते ७२० मीटर अंतरावर येतं. कोन साडेपाच अंशांच्या आसपास. तिथून डोंगराची कड ५ अंशांवर आहे. म्हणजे इमारत पूर्ण होईल तेव्हा रस्त्याच्या पहिल्या पावलापासूनच ती कडेच्या वर असेल, आणि जवळ जावं तशी आणखी वर. माझे आठ मीटर आणि बासष्ट मीटर या सगळ्याला तिने काडीचीही बाधा आणलेली नाही. ती फक्त मागे उभी राहते आहे. बिल्डरने नियमाबाहेर काही केलेलं नाही. लंडनमध्ये रिचमंड पार्कातल्या एका उंचवट्यावरून सोळा किलोमीटर लांबचा सेंट पॉल्सचा घुमट दिसावा म्हणून मधली बांधकामं रोखली जातात, कारण ती दृष्टिरेषा नियोजनाच्या कागदांत लिहिलेली आहे. आमच्या रस्त्यावरून खिंड दिसते हे कुठल्याही कागदात नव्हतं. २०२२ मध्ये विकास आराखडा उघडून मागच्या भूखंडाचा वापर बघायला मला अर्धा तास लागला असता. बघून काही थांबवता आलं असतं असं नाही, पण रचना बदलली असती. अभ्यासिका कदाचित एक मजला उंच केली असती, म्हणजे जवळून ती त्या उंच भिंतीसमोर खुजी वाटली नसती.

बाईंना सांगायला गेलो. त्यांनी चहा टाकला आणि म्हणाल्या, "मी भूगोल शिकवायचे. मागे काय आहे हे विचारायची सवय आहे."

मग त्यांनीच मला खाली नेलं. नवीन इमारत भूखंडाच्या उजव्या अंगाला आहे. उजव्या फुटपाथवरून कड जवळजवळ गेल्यात जमा. डाव्या फुटपाथवरून, रसवंतीच्या दुकानापासून पुढे, इमारतीची डावी कड खिंडीच्या अलीकडेच संपते. अंगठा धरून बघितलं, अर्ध्या अंगठ्याची फट राहते. सचिवांनी आता दुभाजकाऐवजी डावा फुटपाथ रुंद करायचा प्रस्ताव टाकलाय, तिथल्या पार्किंगवाल्यांशी त्यांची रोज जुंपते.

गेल्या रविवारी सातवा स्लॅब पडला.